पाहुण्यांच्या खोलीतली खरबुजं

आमच्या वर्तमानपत्राच्या चौथ्या पानावर, हवामान आणि निधनवार्ता यांच्या मधोमध, ‘आठवड्याचे बाजारभाव’ नावाचा एक चौकोन असतो. तो मी लिहितो. उझबेकिस्तानातल्या आमच्या उर्गेंच शहरातल्या गाजराचा, तांदळाचा आणि मेंढीच्या चरबीचा भाव कित्येक वर्षं माझ्या हातून ठरत आला आहे, अशी माझी समजूत होती. भाव ठरणं आणि भाव छापणं यांत फरक असतो, हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

झालं असं की, जुने अंक चाळताना माझ्या लक्षात आलं, गुलाबी जातीचं खरबूज शरद ऋतूत मातीमोल विकलं जातं आणि मार्चमधल्या नवरोजच्या, म्हणजे नववर्षाच्या, तोंडावर तेच खरबूज सहा-सात पट भावाने जातं. दरवर्षी. माझ्याच चौकोनात. हे ज्याला दर आठवड्याला दिसतं आणि तरीही जो पगारावर जगतो, तो माणूस एक तर संत असतो नाहीतर गाढव. मी संत नाही, हे माझ्या बायकोला, बिकाजानला, लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

भांडवल तिचंच होतं. बिकाजान घरी नवरीमुलींचे पोशाख शिवते, आणि त्या शिलाईतून तिने वॉशिंग मशीनसाठी पैसे साठवले होते. आमच्याकडे हिवाळ्यात अंगणातल्या नळाचं पाणी हातांना चावतं. तिच्या बोटांची सालं निघून भेगा पडत, रेशमाचे धागे त्या भेगांत अडकत. डॉक्टरांनी तिला थंड पाण्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. लांब कसं राहायचं ते सांगितलं नव्हतं.

मी माझा बेत आणि जुने अंक तिच्यापुढे ठेवले. तिने ते वाचले नाहीत. शिलाई खाली ठेवून ती म्हणाली, “अहो, पैसे घ्या. पण नवरोजच्या आधी मशीन दारात आलं पाहिजे. नाही आलं तर नवरोजचे पडदे आणि गोधड्या तुम्ही धुवायच्या. अंगणात, दार उघडं ठेवून.”

आमच्या अंगणाच्या दारातून सगळी गल्ली दिसते, म्हणजे सगळ्या गल्लीलाही अंगण दिसतं. वर्तमानपत्रात नोकरी करणाऱ्या माणसाने या अटीचा गंभीरपणे विचार करायला हवा होता. मी हसलो.

खरबुजं आली. हिवाळी खरबूज जमिनीवर ठेवून चालत नाही. लव्हाळ्याच्या पातींचं शिंकाळं विणून प्रत्येक खरबूज वेगळं टांगावं लागतं, एकाचा दुसऱ्याला स्पर्श होता कामा नये, आणि खोली अशी हवी की आत पाणी गोठणार नाही आणि माणूस बसणार नाही. अशी खोली आमच्याकडे होती. पाहुण्यांची. तिच्यातली शेगडी आम्ही पाहुणे येईपर्यंत पेटवत नाही, आणि ती पेटलेली नाही हे माहीत असल्यामुळे पाहुणे येत नाहीत. छताच्या वाशांना शिंकाळी बांधण्याच्या कामावर शेजारच्या रोझिमबोय आगांनी देखरेख केली. आगा सोव्हिएत काळात भावनियंत्रण खात्यात होते आणि निवृत्तीनंतरही त्यांचा नियंत्रणाचा सराव सुटलेला नाही. खुर्चीवर बसून ते गाठी कुठे मारायच्या ते सांगत होते. एक खरबूज त्यांच्या मांडीवर पडलं तेव्हा गाठ त्यांनी सांगितलेलीच होती.

आता भाव. विकत घेताना भाव विचारायचा असतो एवढं मला येत होतं. विकताना तो आपणच सांगायचा असतो, ही गोष्ट मी आयुष्यात प्रथमच अनुभवत होतो. आणि त्यात एक पेच होता. भाव चढा ठेवला तर माल छताला लटकून मऊ पडणार. उतरवला तर नवरोजच्या ऐन गर्दीत शिंकाळी रिकामी. किती गिऱ्हाईक येणार हे कळलं तर भाव ठरवता येतो, पण भाव सांगितल्याखेरीज गिऱ्हाईक येत नाही. या दोन बैलांना एका जुवाखाली आणायचं तर आधी दोन्ही बैल दिसायला हवेत, आणि एक तर अजून जन्माला यायचा होता.

मी पत्रकाराने करावं तेच केलं: चौकशी. बाजारात ज्या म्हाताऱ्या खरबूजवाल्याकडून मी दर आठवड्याला भाव घेत असे त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, बाबा, या आठवड्यात गुलाबी काय भावाने? त्याने तराजूखालून आमचं वर्तमानपत्र काढलं, चौथं पान उघडलं, चष्मा लावला आणि मागच्या आठवड्यात मीच छापलेला आकडा मला वाचून दाखवला. तो आकडा मी त्याच्याकडून घेतला होता. त्याच्या आधीच्या आठवड्यातला त्याने माझ्याकडून. उर्गेंच शहराचा खरबुजाचा भाव कित्येक वर्षं आम्हा दोघांच्या मधल्या या अरुंद जागेत फिरत होता आणि बाहेरचं कुणी त्यात आलेलं नव्हतं.

मग मी मनाने एक आकडा ठरवला. चांगला चढा. पाटी लिहून दाराला लावली. कुणी आलं नाही. दोन-तीन शिक्षक आले ते घेऊन गेले, कारण त्यांचा एक सहकारी आजारी होता, आणि शिक्षकाला आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जाता येत नाही. त्यानंतर सामसूम.

सल्ले मात्र आले. कोपऱ्यावरच्या सापोरबोयचं घरगुती उपकरणांचं दुकान आहे. त्याने जाता जाता मला व्यापाराचं मर्म सांगितलं. भाव एकदा सांगितला की उतरवायचा नाही, उतरलेला भाव आणि पडलेली पगडी परत चढत नाही. हे सांगणाऱ्या सापोरबोयच्या दुकानात शरदापासून ऑटोमॅटिक वॉशिंग मशिनांची एक आख्खी रांग प्लॅस्टिकखाली उभी होती. यंदा प्रत्येक नवरीच्या रुखवतात मशीन जाणार असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बिकाजान बाजारातून येताना त्या रांगेपाशी थांबत असे, आणि घरी येऊन सांगत असे की आज किमतीची चिठ्ठी बदलली. कधी वर, कधी खाली. म्हणजे माझ्या खरबुजाचा भाव जसा मला ठाऊक नव्हता तसा तिच्या मशीनचाही कुणाला ठाऊक नव्हता, आणि आम्ही एका अज्ञाताने दुसरं अज्ञात विकत घ्यायला निघालो होतो.

समोरच्या ओनाबिका मावशींचं मत उलट होतं. उतरव, त्या म्हणाल्या, गरिबाच्या तोंडी लागलं की माल संपतो. मी उतरवला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका येऊन खरबुजांना नाक लावून गेल्या. स्वस्त झालं म्हणजे सडलं, असा त्यांचा कयास. ओनाबिका मावशींनी सर्वांत जास्त वेळ वास घेतला आणि रिकाम्या हाताने गेल्या. शिवाय ते शिक्षक परत आले. त्यांनी चढ्या भावाने घेतलेलं खरबूज आता उतरलेल्या भावाने मिळत असेल तर मधल्या फरकाचं काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो त्यांनी वर्गात विचारतात तसा विचारला. मी फरकापोटी एकेक खरबूज दिलं. त्यांतल्या भूमितीच्या शिक्षकांनी लहान आहे म्हणून बदलून घेतलं.

“मतनझर, तू अजून पोर आहेस,” रोझिमबोय आगा मला म्हणाले. “आमच्या खात्यात भाव कसा ठरायचा माहितीये? चमच्याच्या दांड्यावर कारखान्यातच उमटवायचो. ताश्कंदपासून बर्फाळ समुद्रापर्यंत एकच भाव. कुणाची तक्रार नाही.”

“आणि चमचे मिळायचे, आगा?”

“चमच्यांचं खातं वेगळं होतं,” आगा म्हणाले. “भाव म्हणशील तर बिनचूक. अरे, भाव बिनचूक ठेवायचा तर माल मध्ये येऊ द्यायचा नाही.”

हे मी तेव्हा थट्टेवारी नेलं.

दारात विक्री होत नाही म्हणून मी माल मुख्य बाजारात न्यायचं ठरवलं. तिथे माल खाण्याजोगा असल्याचा प्रयोगशाळेचा शिक्का लागतो. खिडकीतल्या बाईंनी सौम्यपणे समजावलं की तपासणीसाठी एक खरबूज द्यायचं, आणि ते तपासताना तुलनेला दुसरं. मी विचारलं, तपासलेली खरबुजं परत मिळतात का? तपासलेलं खरबूज राहत नाही, त्या म्हणाल्या. शिक्का दुपारी मिळणार होता, बाजार दुपारी उठतो, आणि शिक्का त्याच दिवसापुरता. मी तीन वेळा गेलो. प्रयोगशाळेचा अहवाल प्रत्येक वेळी अत्यंत अनुकूल होता. शेवटच्या वेळी तर बाईंनी आपणहून सांगितलं की या खेपेचं गोडीला जास्त आहे.

दरम्यान चौथं पान माझ्या मुळावर आलं होतं. माझ्या पाटीवरचा भाव आणि माझ्या चौकोनातला भाव वेगळे आहेत, हे गल्लीने हेरलं. चौकोन वर नेला असता तर मी वाचकांना फसवलं असतं. पाटी खाली आणली असती तर स्वतःला. सबंध शहरात असा एकच माणूस होता, ज्याचा भाव वर्तमानपत्राशी जुळत नव्हता, आणि तोच त्या वर्तमानपत्रात भाव लिहीत होता. लोक अंक हातात घेऊन येत, पाटीकडे बघत, अंकाकडे बघत, मग माझ्याकडे. ओनाबिका मावशींनी विचारलं, “मतनझर, यातला खरा तू कोणता?” मी सांगितलं की चौकोन हा शहराचा आहे आणि पाटी ही माझी. हे उत्तर मी घरी म्हणून बघितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

चिडून मी भाव वाढवला. पहिल्यापेक्षाही वर. आणि त्या शुक्रवारी दारात रांग लागली. महाग झालं म्हणजे संपत आलं, असा आता कयास होता. मी हुरळलो. इतके लोक या भावाला येतात तर नवरोजला किती येतील, असा हिशेब करून मी मोजकी खरबुजं विकली आणि बाकीच्यांना माल संपला असं सांगितलं. ते लोक पाहुण्यांच्या खोलीच्या खिडकीसमोर उभे होते. आत काय लटकतंय ते त्यांना दिसत होतं. रांग शांतपणे पांगली. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या जिल्ह्यांतून खरबुजांचे ट्रक आले, आणि रांगेतल्या कुणाचंही पाऊल पुन्हा आमच्या दारी पडलं नाही.

मग ऊब आली. आमच्याकडे फेब्रुवारीत उबदार वारं सुटणं म्हणजे मयताच्या घरी लग्नाचा ढोल. ट्रकमधला माल बाजारात बघता बघता मऊ पडून सडला. गल्लीत ज्यांनी ज्यांनी दोन-चार खरबुजं टांगली होती त्यांचीही गेली, कारण त्यांच्या खोल्यांत माणसं राहत होती. फक्त आमची पाहुण्यांची खोली, पिढ्यान्‌पिढ्यांच्या आतिथ्यामुळे, अजून थंडगार होती. तरी रोज एखादं मऊ पडायचं, आणि मऊ पडलेलं त्याच दिवशी संपवावं लागतं. सकाळी पोळीबरोबर खरबूज, दुपारी डब्यात खरबूज. मुलं शाळेतून आली की आधी आईच्या हातात सुरी आहे का ते पाहत आणि दारातूनच परत फिरत. उरलेली पिकत चालली, आणि त्यांचा वास खिडकीच्या फटींतून बाहेर पडून गल्लीभर पसरला.

त्या वासात सापोरबोयची नवी सून गुलसनम सापडली. तिला दिवस गेले होते आणि अन्नाचा कण पोटात ठरत नव्हता. आमच्या भिंतीपाशी ती थांबली आणि म्हणाली, मला हे हवं.

याबाबतीत आमच्याकडे दोन मतं नाहीत. डोहाळे लागलेल्या बाईचा घास अडवायचा नाही, आणि त्या घासाचे पैसे घ्यायचे नाहीत. ज्याने घेतले त्याच्या घराचं काय होतं याच्या गोष्टी प्रत्येक म्हातारीकडे आहेत, प्रत्येकीच्या वेगळ्या. बिकाजानने सर्वांत मोठं खरबूज उतरवलं, आपल्या माहेरच्या निळ्या ताटात ठेवलं आणि सापोरबोयकडे नेऊन दिलं. पोरीने अर्धं तिथेच खाल्लं आणि ते पोटात राहिलं.

ही बातमी आमच्या वर्तमानपत्रापेक्षा चांगली पसरली. त्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यात इतक्या सुना गरोदर आहेत हे प्रसूतिगृहालाही माहीत नसावं. सासवा सुनांना हाताला धरून आणत. एक कुटुंब मुलीला घेऊन आलं, तिचा फक्त साखरपुडा झाला होता. तिच्या आईने सांगितलं की आमच्यात लवकर होतं. ओनाबिका मावशी, ज्यांचा धाकटा नातू सैन्यात आहे, दारात उभ्या राहून म्हणाल्या, “आता तसं काही नाही रे, पण धाकट्याच्या वेळेस माझा खरबुजाचा डोहाळा राहून गेला होता.” बिकाजानने त्यांनाही दिलं.

त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, “अगं, हे तुझं मशीन चाललंय एकेका फोडीने.”

“मला दिसतंय ते,” ती बोटांना मेंढीची चरबी चोळत म्हणाली. “काय करू? पोटुशी बाईला भाव सांगू?”

मी गोधड्यांकडे पाहिलं. त्या मला पूर्वीपेक्षा जाड वाटल्या.

ताटं मात्र परत येत होती. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हाही आमच्याकडचा नियम. कुणी वाळलेले जर्दाळू घालून पाठवलं, कुणी दही, कुणी कणकेच्या पारीत अंडी भरून उकडलेले बाराक. फक्त सापोरबोयकडचं निळं ताट आलं नव्हतं, आणि गुलसनमसाठी तिथे रोज एक खरबूज जात होतं. बिकाजान रोज एकदा म्हणे, “माझं ताट आलं नाही.”

नवरोज तोंडावर आला तेव्हा शहरात खरबूज उरलं नव्हतं. बाजारातल्या म्हाताऱ्याने मला स्वतः निरोप पाठवला: मागशील तो भाव. जो आकडा मी हिवाळाभर स्वप्नात पाहिला तो अखेर खरा झाला होता. वाशांना अजून डझन-दोन डझन शिंकाळी भरलेली होती. तेवढ्यात मशीन सहज आलं असतं. मी शिंकाळी सोडायला शिडी लावली, आणि अंगणात सापोरबोय येऊन उभा राहिला. पाहुण्यांच्या खोलीत, खरबुजांखाली, आम्ही बसलो. बिकाजानने चहा आणला.

पोरीला अजून दुसरं काही पचत नव्हतं. ती बाळंत होईपर्यंत नाही तरी निदान उन्हं तापेपर्यंत तिला हेच लागणार होतं. सापोरबोयला सगळी उरलेली खरबुजं हवी होती.

“भाव सांग, मतनझर,” तो म्हणाला. “बाजारात काय चाललंय मला माहीत आहे. त्याच्या वर देतो.”

“डोहाळ्याचे पैसे कसे घेऊ, सापोर आगा?”

“एक-दोन घेतली तेव्हा डोहाळे होते. आता रोजचं झालं. गल्ली मला काय म्हणेल? सापोर सुनेला फुकटावर पोसतो?”

“आणि मला काय म्हणेल?”

त्याने पैसे बाहेर काढले, मी हात मागे घेतले. तो म्हणाला निम्मे तरी घे. मी म्हणालो एक सोमही नाही. आयुष्यात प्रथमच मला माझा भाव मिळत होता आणि मी तो ढकलत होतो. बोलता बोलता मला रडू येईल की काय असं वाटलं. सापोरबोयचाही चेहरा बरा नव्हता. वरचं एक खरबूज शिंकाळ्यात हळूच फिरलं.

बिकाजानने त्याच्या वाटीत चहा ओतला. ओतताना तिच्या बोटांच्या भेगा दिसत होत्या.

“भावाचं तुम्ही दोघं बघा,” ती म्हणाली. “खरबुजं सगळी न्या, सापोर आगा, पोरीच्या नावाने न्या. माझं म्हणणं इतकंच, माझं निळं ताट तुमच्याकडे राहिलंय. माहेरचं आहे. कधी येईल ते?”

सापोरबोयने तिच्या हातांकडे पाहिलं, मग वाटीकडे. “हो,” तो म्हणाला. “ताट रिकामं कसं पाठवायचं याच विचारात होतो मी.”

दुसऱ्या दिवशी हातगाडी आमच्या दारात थांबली. तिच्यावर प्लॅस्टिकसकट एक वॉशिंग मशीन होतं आणि मशीनच्या डोक्यावर, दोरीने नीट बांधलेलं, निळं ताट. ताटात मूठभर मनुका. मशीनच्या दारावर किमतीची चिठ्ठी होती. तिच्यावर इतके आकडे खोडून इतके लिहिले होते की कोणताच वाचता येत नव्हता. सापोरबोयने ती नखाने खरवडून काढली. असं करताना त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका होती ती मला ओळखीची वाटली. वाशांवरून शेवटचं शिंकाळं उतरवताना माझाही चेहरा तसाच झाला असणार.

“आणखी एखादं न्यायचं असलं तर सांग,” तो हळूच म्हणाला. “रांग अजून तशीच आहे.”

मी त्याला सल्ला दिला नाही. हा माझा त्या हिवाळ्यातला एकमेव शहाणपणा.

नळाचं पाणी कमी दाबाचं, म्हणून मशीन पहिल्यांदा बराच वेळ विचार करत राहिलं. मग ते हललं, गुरगुरलं आणि नवरोजचे पडदे त्याच्या काचेमागे फिरू लागले. बिकाजान समोर स्टूल टाकून बसली. हात मांडीवर, कोरडे. तिने सगळा धुण्याचा फेरा शेवटपर्यंत पाहिला. पडदे वाळत मीच घातले, दार उघडं होतं, आणि ओनाबिका मावशींनी समोरून सांगितलं की चिमटे उलटे लागलेत. एवढं मी सोसलं.

रोझिमबोय आगा संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत डोकावले. रिकाम्या वाशांकडे पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली. त्यांच्या खात्यात अशीच असायची म्हणे गोदामं.

शुक्रवारी मी चौथं पान घेतलं. गाजर किंचित खाली, तांदूळ किंचित वर. खरबुजाच्या ओळीवर मी थोडा थांबलो. बाजारात एकही खरबूज नव्हतं, आमच्याकडे नव्हतं, प्रयोगशाळेतही नसावं. त्या ओळीत काय लिहायचं याबद्दल मला त्या हिवाळ्यात प्रथमच शंका नव्हती. मी लिहिलं: “गुलाबी खरबूज: भाव स्थिर.”